पूर्ण दोन मिनिटं

"बसा," नगराध्यक्ष म्हणाले, आणि सभागृहातल्या खुर्च्या करकरल्या.

शोकप्रस्तावात दोन मिनिटं स्तब्धता म्हटलं होतं. झाली होती वीस सेकंदं. इथला हिशेबच तसा. नगराध्यक्षांचे गुडघे कुरकुरले की दोन मिनिटं भरली. गेलेला माणूस आमदार असो की माळी, दर सगळ्यांना सारखा.

आज गेलेला माणूस याच सभागृहातला नगरसेवक. राजकारणात येण्याआधी तो आठशे मीटर धावायचा, हौसेने नव्हे, बक्षिसाच्या पैशांवर पोट भरायला. निवडून आला तरी हातातलं स्टॉपवॉच सुटलं नाही. स्तब्धता कुणी आटोपती घेतली की हा एकटाच उभा. "अहो, दोन मिनिटांत मी मैदानाला दोन फेऱ्या मारून वर पाणी प्यायचो. तुम्हाला नुसतं उभं राहवत नाही?" विरोधी पक्षनेते त्याला तोंडावर 'पळपुटे' म्हणत. तो हसायचा, पण बसायचा नाही.

आज सगळे बसले. उभी राहिली ती कोपऱ्यातल्या टेबलाशी इतिवृत्त लिहिणारी लघुलेखिका.

"ताई, बसा. झालं."

"साहेब, मला इतिवृत्तात 'दोन मिनिटं' लिहायचंय. अजून झाली नाहीत."

सभागृहात बोलायचा तिला अधिकार नव्हता. एवढ्यावरून नोटीस हातात पडली असती.

"दरवेळी लिहिताच की!"

"दरवेळी खोटं लिहिते, साहेब." तिने पेन खाली ठेवलं. "माझे वडील इथे फाटकावर होते. ते गेले तेव्हा या नगरसेवकांनी तुम्हा सगळ्यांना पुन्हा उठवलं होतं. तेवढं एकदाच खरं लिहिलं."

मग विरोधी पक्षनेते टेबलाला हात टेकत उठले.

"मेल्यावरही दमवतो लेकाचा," ते पुटपुटले. "चला, पहिल्यापासून."

एकेक खुर्ची मागे सरली. शेवटी नगराध्यक्षांचीही. पंख्याची घरघर, खालच्या रस्त्यावरचा हॉर्न, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर, सगळं ऐकू येऊ लागलं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एकदा पुरा फिरला. दुसऱ्यांदा फिरला.

नगराध्यक्षांनी घसा खाकरला.

"ताई," त्यांनी हळूच विचारलं, "आता बसू का?"

तिने रुमाल डोळ्यांना लावला होता.

सभागृह उभंच राहिलं.