पीचची लव

वाडगा उलटला, सोललेले पीच फरशीवर घरंगळले आणि छबूबाईचा हात नवऱ्याच्या, नानासाहेबांच्या गालावर बसला. सगळं एका दमात झालं. फट्‌ असा आवाज आला तेव्हा तिला वाटलं, खालच्या वर्कशॉपात काहीतरी पडलं.

मग तिनं आपल्या हाताकडं पाहिलं.

नानासाहेब पलंगावर उशीला टेकून बसले होते. उजवं अंग लकव्यानं गेलेलं, वाचाही गेलेली. ओरडायचं म्हटलं तरी घशातून नुसती घरघर यायची, पण आज तीही आली नाही. ज्या डाव्या हातानं वाडगा ओढला होता, तो तेवढा त्यांनी मागं घेतला आणि पांघरुणाखाली लपवला.

ते छबूबाईनं पाहिलं.

"मग दम धरायला काय झालं होतं? भरवतच होते की मी. पळून चालले होते का पीच?" नेहमीसारखा कडक आवाज काढायला गेली, तर तो मधेच चिरकला.

सगळी दुपार तिनं त्या फळांमागं घातली होती. सून मोनिकानं शिकवलं होतं, आधी उकळत्या पाण्यात बुडवायचे, लगेच गार पाण्यात टाकायचे, मग साल अंगरख्यासारखी उतरते. ती केसाळ साल नानासाहेबांना गिळता येत नसे. गर मात्र असा आवडे, की वाडगा दिसला तरी डोळे लकाकत. अंथरुणाला खिळल्यापासून या माणसानं दुसरं काही म्हणून मागितलं नव्हतं.

छबूबाई खाली बसली. पलंगाखाली गेलेला एक पीच हात घालून काढला, बाकीचे गोळा केले, खळखळून धुतले. तोवर नानासाहेबांच्या गालावर रंग चढला होता. तिनं पदराचं टोक गार पाण्यात बुडवलं, पिळलं आणि लावायला गेली. हात जवळ येताच नानासाहेबांनी डोळे गच्च मिटून घेतले.

तिचा हात होता तिथंच थांबला.

मागच्याच महिन्यात लेकानं, प्रीतमनं, नानासाहेबांचं करायला एखादी बाई ठेवू म्हटलं, तेव्हा तिनं त्याची चांगली हजेरी घेतली होती. "परकी बाई दाराआड चापट मारील त्यास्नी. बोलता येत न्हाई, सांगणार कुणाला?" अर्ध्या चिखलीला ऐकू गेलं असेल. बाईचा विषय त्या दिवशी संपला.

जिन्यात चपला वाजल्या. चाकणहून कंपनीची बस आली होती. मोनिका खांद्यावरची बॅग न उतरवता तशीच पलंगापाशी गेली.

"आत्या, मामांच्या गालाला काय झालं?"

"कुठं काय?"

"अहो, लालभडक झालाय. सुजलाय पण."

छबूबाई पीच चिरत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "लव लागली पीचची. सोलायच्या आधीच एक उचलला आणि घासला गालावर. पोरावानी करत्यात."

खोटं इतकं सरळ तोंडातून आलं, की तिचं तिलाच नवल वाटलं. आणि तेही त्यांच्याच माथी मारलेलं.

"मग ॲलर्जी असणार ही. आमच्या लाईनवरच्या यास्मिनचे ओठ सुजतात पीचनं. मामांचा घसा सुजला तर काय करायचं? सांगता तरी येणार आहे का त्यांना?" मोनिकानं वाडगा उचलला. "आता एक फोडसुद्धा द्यायची नाही. घरात आणायचेच नाहीत परत. हे खाली रहिमाबींना देऊन येते, पोरं खातील त्यांची."

"अगं, सोलल्यावर कुठली आली लव?"

"नको आत्या. रिस्क नको."

वाडगा दाराकडं निघाला. नानासाहेबांची नजर त्याच्या मागोमाग गेली. छबूबाईला वाटलं, आता हात करतील, आता घरघर काढतील. हात पांघरुणातून बाहेर आला खरा, पण वाडग्याकडं गेला नाही. तो गालाकडं गेला, आणि सुनेच्या तोंडाकडं बघत नानासाहेब गाल खाजवू लागले. हळूहळू, नीट दिसेल असं.

"बघा, खाज पण सुटलीय," मोनिका म्हणाली.

छबूबाईनं सुरी खाली ठेवली. ते अजून खाजवतच होते. तिच्याकडं बघत नव्हते.

"मोनिका, ठेव तो वाडगा खाली."

"अहो पण आत्या, ॲलर्जी..."

"कसली डोंबलाची ॲलर्जी. इकडं ये." छबूबाईनं नवऱ्याचा हात धरून गालावरून बाजूला केला. "गालावरची ही बोटं मोज."