एक जादा

यादीत गावं एक्केचाळीस, टँकर सतरा, फेऱ्या एक्कावन्न. पडद्यावर 'नाही' चौदा.

तहसील कचेरीत दुपारचे तीन वाजले होते. टँकर वाटपाचा प्रोग्राम ज्या कॉम्प्युटरवर होता तो सकाळीच कायमचा बसला. लातूरहून आलेल्या नव्यावर तो पुन्हा बांधायचा, तर इथला कंपायलर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा, वेगळा. बांधणीआधी तपासणी करणारी स्क्रिप्ट त्याला चौदा प्रश्न विचारायची, चौदाहींपुढे 'नाही' लिहायची आणि थांबायची.

"पाचला यादी न्हाई निघाली तर उद्या एक बी टँकर हालणार न्हाई," गुरुपादप्पा साहेब पंचशीलेला म्हणाले. "फिजिक्सवाल्या न्हवं तुम्ही? काय करून राहिल्या मग?"

पंचशीलेचा फोन वाजला. आई होती. सरजाबाई नांदेड-लातूरच्या हद्दीवरल्या बोरवस्तीत राहायची. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हापासून दोन्हीकडचे लोक या वस्तीला 'तुमचीच' म्हणत आले होते. टँकर मात्र आठ वर्षं चुकला नव्हता.

"रांजण तळाला गेलाय. सकाळी येतंय न्हवं टँकर?"

"येतंय आई. त्याच्याच पायी बसलेय."

तिनं एकेक प्रश्न हातानं चालवून पाहिला. कंपायलर काम नीट करत होता. जुन्या कंपायलरसाठी लिहिलेला एक पर्याय आपल्याला ठाऊक नाही, एवढीच त्याची कुरकुर होती. स्क्रिप्ट त्या कुरकुरीलाच नकार समजत होती. तिनं तो पर्याय काढला. तेरा 'आहे', एक 'नाही'.

उरलेली तक्रार निराळी होती. प्रोग्राम यादी संपल्यावरही पुढचं वाचत होता. स्क्रिप्ट गावांच्या ओळी मोजायची, त्यात एक मिळवायची आणि तो आकडा प्रोग्रामला द्यायची. एक्केचाळिसाचे बेचाळीस. जुन्या कंपायलरनं आठ वर्षं यावर तोंड उघडलं नव्हतं.

स्क्रिप्ट लिहिणारे किशनराव निवृत्त होऊन नांदेडला असत. तिनं फोन लावला.

"काका, एक जादा कशाला मिळवलाय?"

"साहेब हायत का बाजूला?"

"हाव."

"मग राहू दे त्ये."

"नवा कंपायलर अडवतोय."

"त्याच्या सूचना बंद करता येतेत. कर बंद. लई झाडलोट करू नको, पोरी."

"चूक हाय काका ती."

"आठ साल चालली. कुणाचं काय बिघडलं?"

फोन ठेवताना तिला हसू आलं. म्हाताऱ्याला आपली चूक साहेबांपुढं यायला नको होती.

"काय म्हणतंय म्हातारं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही सर. तब्येत बरी आहे."

तिनं जादाचा एक खोडला. चौदा 'आहे'. प्रोग्राम बिनतक्रार बांधला गेला. पाचला वीस मिनिटं असताना यादी छापून बाहेर आली.

"आँ? एका पानात बसली की!" साहेब म्हणाले. "किशनरावच्या यादीला एका ओळीपायी दुसरं पान लागायचं. शिकलेल्या माणसाचं काम येगळंच."

त्यांनी पान न वाचता सही केली. पंचशीलेनं आईला फोन करून घागरी बाहेर काढून ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सतरा टँकरांच्या एक्कावन्न फेऱ्या झाल्या. एक्केचाळीस गावांत सहा लाख बारा हजार लिटर पाणी उतरलं. बेचाळिसाव्या ओळीवरच्या बोरवस्तीत शून्य.