शिस्तीची शाळा

बौद्धवाड्यातल्या लिलाबाईची मुलगी १९८४ साली चौथी पास झाली. पाचवीसाठी जवळ दोनच शाळा होत्या, दोन्ही जिल्हा परिषदेच्या. त्यातली बरी कोणती, हे विचारायला लिलाबाई झुलाल गुरुजींकडे गेली.

“टेकडीवरची घे. निकाल चांगला, जळगावचे साहेबही खूश. शिस्त तर अशी, की माठाला एकही पोर हात लावत नाही. शिपाई वरून ओंजळीत पाणी ओततो.”

“अन् नाल्यापलीकडची?”

“तिथं कसली शिस्त? सगळ्यांत एकच पेला. कुणीही उठतं, माठात बुडवतं अन् पितं. घाण नुसती!”

“कुणीही?”

“कुणीही.”

लिलाबाईनं मुलीचा दाखला पुढं सरकवला. “मग तिथलाच अर्ज लिहून द्या, गुरुजी.”