बारीक धार

बायको गेल्यापासून चिंतामणराव गंगापूर रोडच्या घरात एकटेच राहत. फोनवर बघून बघून त्यांना फिल्टर कॉफी स्वतः करायची हौस लागली, तेव्हा मुलगा गौरांग खास पुण्याहून आला आणि त्यांना दुकानात घेऊन गेला.

"आजोबांना हे बटणाचं मशीन सोपं जाईल," दुकानदार म्हणाला.

"छे! बाबा, हातानं गरम पाण्याची बारीक धार सोडण्यातच तर मजा आहे," म्हणत गौरांगनं काचेचा ड्रिपर, म्हणजे कॉफी गाळायचं नरसाळं, आणि लांब तोटीची जड किटली घेतली.

घरी आल्या आल्या चिंतामणरावांनी पाणी उकळून किटलीत भरलं आणि ती उचलली. हात थरथरला. गरम पाणी ओट्यावर सांडलं, थोडं मनगटावरही उडालं. गौरांग मोबाइलवर शूटिंग करत होता.

"परत एकदा करा ना, बाबा."

"जमेल रे हळूहळू," मनगटावर फुंकर मारत ते हसले. "तू एवढं प्रेमानं आणलंयस."

दुसऱ्यांदा तर किटलीच हातातून निसटली.


गौरांगनं व्हिडिओ बहिणीला पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ ताई, साधं पाणी ओतता येत नाही त्यांना. आता तरी वृद्धाश्रमाला हो म्हण."