नव्या भिंतीचा नियम

"अगोदर भिंतीवरच्या टिकल्या काढा, वहिनी. त्यांच्यावर टाइल चिकटवायचं केमिकल धरायचं नाही," असं म्हणून भटू मिस्त्री थापीच्या दांड्यानं बाथरूमच्या जुन्या टाइल्स ठोकत सुटला.

धनश्रीनं कपाळाला हात लावला. सोमवारी येतो म्हणालेला भटू शनिवारीच दारात हजर होता. सांगितल्या दिवसाच्या आधी उगवलेला मिस्त्री अख्ख्या डिंडोलीत कुणी पाहिला नसेल. नवरा योगराज मिलमध्ये गेलेला, आणि सासूबाई उषाबाई बारशाला बारडोलीला.

टाइलवरच टाइल बसवायची, हे घरात आधीच ठरलं होतं. जुन्या फोडायच्या तर चौथ्या मजल्यावरून मलबा उतरवा, शिवाय खालच्या मजल्यावरच्या पटेलबेनची बोलणी खा. उषाबाईंनी होकार दिला, पण नियम घालून. "नवी भीतले टिकली लावानी नही." नियम सुनेसाठी होता, हे उघडच होतं. धनश्री आंघोळीच्या वेळी टिकली काढून भिंतीला लावायची आणि तिथंच विसरायची. "भीतनं हळदीकुंकू करी टाक आते," असं सासूबाई येताजाता ऐकवायच्या.

एक गोष्ट मात्र तिला तेव्हाच खटकली होती. काम सुरू व्हायच्या आधी भिंत घासून ठेवावी लागेल, असं भटूनं सांगितलं, तर उषाबाई लगेच म्हणाल्या, "भीत मीच घसस. तू हात लावू नको." गुडघ्यांमुळे ज्या बाईला स्टुलावर बसून आंघोळ करावी लागते, तिला ही हौस कुठून आली?

आता वाट बघायला वेळ नव्हता. धनश्रीनं ब्लेड घेतलं आणि आरशाभोवतीच्या आपल्या मसुराएवढ्या टिकल्या खरवडून काढल्या. मग खालची भिंत पुसायला वाकली आणि तिथंच बसली. नळाच्या बाजूला, स्टुलावरून हात पोचेल अशा जागी, आणखी टिकल्या होत्या. मोठ्या, लालभडक, सोनेरी काठाच्या. असल्या ती कधीच लावत नव्हती.

सासऱ्यांच्या हयातीतल्या असतील, असं तिला वाटलं. पण तो सोनेरी काठ ओळखीचा होता. यंदाच्या संक्रांतीला वाण म्हणून ही पाकिटं तिनंच आणली होती. वाटताना एक कमी पडलं. शेजारच्या सरलाबाईंनी दोन उचलली, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं आणि तेव्हापासून त्यांच्याशी ती तुटकच बोलत होती. त्या दिवशी बिल्डिंगमधल्या बायका हॉलमध्ये हसतखिदळत होत्या आणि उषाबाई आतल्या खोलीत दार लोटून मेथी निवडत बसल्या होत्या. सासरे जाऊन चार वर्षं झाली होती. हळदीकुंकवाला बाहेर या, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. धनश्रीनंही नाही.

ती आंघोळीपुरती टिकली काढायची. सासूबाई आंघोळीपुरती लावत होत्या. आतून कडी लावायची, नळाच्या चकचकीत तोटीत दिसेल तेवढं कपाळ बघायचं, आणि बाहेर येण्याआधी टिकली पुन्हा भिंतीला. आता ही भिंत बुजणार होती आणि नव्या भिंतीवर त्यांनी स्वतःच बंदी घातली होती. एवढीशी हौस, तीही संपणार. धनश्रीला भरून आलं आणि स्वतःचा रागही आला.

"झालं का, वहिनी?"

"होतंय." लाल टिकल्यांना तिनं ब्लेड लावलं नाही. नखानं अलगद सोडवल्या.

दुपारनंतर भिंत पांढरीशुभ्र उभी राहिली. भटू आरसा उचलत म्हणाला, "जुन्याच जागी बसवू ना?"

"नाही." धनश्री स्टुलावर बसली आणि डोळ्यांसमोर बोट टेकवलं. "इथं."

"इतक्या खाली? उभ्या माणसाला त्यात नुसतं पोट दिसेल."

"दिसू दे."

संध्याकाळी उषाबाई आल्या आणि चपलांसकट बाथरूमच्या दारात थबकल्या. "भीत कोनी घसी?"

"मीच."

"सम्दी?"

"सम्दी," धनश्री म्हणाली. दोघींची नजर एकमेकींना भिडली आणि लगेच दुसरीकडे वळली. मग उषाबाईंना आरसा दिसला. "इतला खाले आरसा? भटूले काही अक्कल शे का?" एवढं बोलून त्या पदर सावरत आत निघून गेल्या.

रविवारी भिंत सुकू द्यायची होती. सगळ्यांच्या आंघोळी सरलाबाईंकडे झाल्या. धनश्रीनं त्यांना वाटीभर शिरा नेऊन दिला. त्यांना तो कशाबद्दल हे कळलं नाही, पण त्यांनी खाल्ला.

सोमवारी सकाळी नव्या बाथरूममध्ये पहिला नंबर उषाबाईंचा लागला. त्या काही केल्या बाहेर येईनात. टॉवेल खांद्यावर टाकून योगराज दार वाजवत होता. "आई, माझी बस जाईल."

कडी निघाली. उषाबाई बाहेर आल्या. कपाळावर मोठी, लालभडक, सोनेरी काठाची टिकली होती. योगराजचा हात दारावरच राहिला. धनश्रीनं गॅस बारीक केला.

उषाबाई पाटावर बसल्या आणि चहाचा कप पुढे ओढला.

"असा काय देखस?" त्या मुलाला म्हणाल्या. "नवी भीतले लावानी नही, मीच सांगेल शे ना. मंग ठेवू कोठे?"