सुभेदारांचं विमान

"आबा, बूट बाहेर काढा," शंभूराजनं वडिलांना दारातच अडवलं.

"देवळात आलोय व्हय रं?" सुभेदार नाथाजी म्हणाले, पण वाकून नाड्या सोडू लागले.

"देऊळच समजा. आत धूळ गेली की यंत्र रुसतं."

खंडेनवमीचा दिवस. कुपवाडच्या त्या कारखान्यात लेथपासून ड्रिलपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागलं होतं, झेंडूच्या माळा चढल्या होत्या. कामगार बायकापोरांना घेऊन आले होते. पेढ्यांची ताटं फिरत होती, आणि शंभूराजनं हातातला पेढा चाखलाही नव्हता.

कारण साधं होतं. मालक नारायणरावांनी दोन महागडी वर्कस्टेशनं घेतली होती. एक इथं डिझाइनच्या खोलीत, दुसरं अंगणापलीकडच्या शॉपमध्ये, जिथं कारागीर साचे घडवायचे. साच्याचं चित्र इकडं काढायचं आणि कारागिरानं ते तिकडं पडद्यावर बघायचं, असा बेत. पण दोन्ही यंत्रं एकमेकांशी बोलायलाच तयार नव्हती. अबोला धरलेल्या जावाजावा बऱ्या. शंभूराजनं लिंबाच्या झाडावरून वायर नेली, उंदरांनी कुरतडली, पुन्हा नेली. जोड बदलले, शिव्या घातल्या, नवस बोलायचा तेवढा बाकी ठेवला.

वायरची परीक्षा घ्यायला त्यानं विमानांचा खेळ शोधून काढला होता. दोन यंत्रांवर दोघं बसले की दोघांची विमानं एकाच आभाळात दिसायची. दुसरं कुणी जोडलेलं नसलं, तर बसलेल्याची करमणूक व्हावी म्हणून यंत्र स्वतःच एक विमान सोडायचं. तो आणि सहकारी ज्ञानदा महिनाभर त्या फुकटच्या शत्रूशी लढून कंटाळले होते. काल दुपारी मात्र ज्ञानदा शॉपमधून ओरडत आली होती, "अरे, तू दिसलास! माझ्या पडद्यावर तू दिसलास!" दोघं लहान पोरांसारखे नाचले होते.

मालकांना एवढ्यानं पटणार नव्हतं. "काल चाललं हे तुम्हीच सांगताय," ते म्हणाले. "आज माझ्यासमोर चालवा. नाहीतर दसरा झाला की दोन्ही यंत्रं पुण्याच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकतो."

यंत्रं गेली की शंभूराजही गेला, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ते ऐकायला आज नेमके आबा हजर होते. उंब्रजच्या त्यांच्या घरात तीन पिढ्या फौजेत गेल्या आणि चौथी कुपवाडात बटनं दाबत बसली, हे दुःख त्यांनी गावात कुणापासून लपवलं नव्हतं.

"सुभेदार," मालक एकाएकी त्यांच्याकडं वळले, "पलीकडच्या यंत्रावर तुम्हीच बसा. सख्ख्या भावाविरुद्ध बांधाच्या भांडणात खरी साक्ष देणारा माणूस तुम्ही. तिकडं काय दिसलं ते येऊन सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

शंभूराज लगबगीनं पुढं आला. "आबा, मी सकाळीच तिकडं खेळ लावून आलोय. फक्त माऊस धरायचा. ज्ञानदाला पाठवू का सोबत?"

"मशीनगन चालवली हाय म्या. उंदीर चालवाय पोरगी कशाला?" आबा ताठ मानेनं अंगण ओलांडून गेले.

शंभूराजनं विमान उडवलं. मागं मालक, पाहुणे, बायकापोरं दाटीवाटीनं उभी. आभाळ रिकामं होतं. मग डोंगराआडून एक काळा ठिपका आला, मोठा झाला, त्याला पंख दिसू लागले.

"आलं! सुभेदारांचं विमान आलं!" ज्ञानदा ओरडली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

आबांचा हात बघून शंभूराज चाट पडला. पहिल्यांदाच बसलेला माणूस, पण विमान कसं सुतासारखं सरळ! त्यानं डावीकडं गिरकी घेतली, आबा पाठीवर. खाली सूर मारला, आबा पाठीवरच. फौजेतला हात तो. शेवटी धाडकन आवाज झाला आणि शंभूराजचा पडदा लाल झाला.

"बापानं पाडलं पोराला!" खोली हसण्यानं दणाणली. शंभूराज सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. असं हरण्यात केवढा मान होता!

पोरं सगळी लढाई सांगत आबांना ओढतच घेऊन आली. मालकांनी हसणं आवरलं. "बोला सुभेदार. तिकडं दिसत होतं सगळं?"

आबांनी आधी लेकाकडं पाहिलं, मग मालकांकडं.

"दिसत हुतं म्हंजे? समदं दिसत हुतं. पोरगं डावीकडं पळालं, खाली गेलं, म्या सोडलं न्हाई."

"मग? कसं काय वाटलं?"

"काय सांगू? लय झ्याक यंत्र. आन् ज्यानं जोडलं, त्यो त्याच्याहून झ्याक."

उभ्या आयुष्यात आबांनी त्याला असं म्हटलं नव्हतं. शंभूराजचे डोळे भरले आणि ते त्यानं पुसलेही नाहीत. मालकांनी आपल्या गळ्यातला हार काढून त्याला घातला. "यंत्रं कुठं जात नाहीत. दिवाळीनंतर आणखी चार घेऊ, तूच जोडायची!"

पाहुणे पांगल्यावर शंभूराज हारासकट शॉपकडं निघाला, पलीकडचं यंत्र बंद करायला. दारात राखणदार कोंडीबा तंबाखू मळत बसला होता.

"सायेब, आता फ्यूज लावू का?"

"कसला फ्यूज?"

"शॉपचा मेन. आज यंत्राला इसावा असतुया न्हवं? सकाळी पूजा झाली तवाच काढून ठिवलाय. आबा येऊन बसलं, तर पडदा काळाच. म्हनलं, थांबा, लावतो. तेवढ्यात तिकडनं टाळ्या ऐकू आल्या. तर आबा मला म्हनलं, 'ऱ्हाऊ दे गड्या. पोराचं उडतंय तिकडं. तू कुठं बोलू नगंस.'"