आयोनीचं आजारपण

"मागे कसला गं आवाज येतोय?" फोनवर आईने विचारलं.

"पंखा," वर्लिन म्हणाली. तिच्या पावलांवरून एक लाट आली आणि परत गेली.

शेजारच्या आरामखुर्चीत तिचा नवरा ॲन्सिल पोटावर बशी ठेवून खेकडा फोडत होता. तो चावायचा थांबला.

"ताप उतरला का आयोनीचा?"

"थोडा उतरलाय."

"काही खाल्लं तिने?"

"सूप घेतलं."

आयोनी मावशीला ताप नव्हता. ती कशी आहे हे या दोघांना माहीतही नव्हतं. ती याच बेटावर, टोबॅगोतच राहत होती, पण डोंगरापलीकडच्या गावात. ही दोघं त्रिनिदादहून बोटीने आली होती ती वाळूत नुसतं पडून राहायला. आईचे पाय गेल्यापासून वर्लिनला सलग झोप अशी मिळालीच नव्हती. तरी 'समुद्रावर चाललोय' असं आईच्या तोंडावर सांगायची तिची हिंमत झाली नाही. मग दोघांनी मावशीला आजारी पाडलं. दोघी बहिणी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आई काही फोन करून विचारायची नाही, म्हणून हे कारण बिनधोक होतं. घरी आईजवळ भावजय येऊन राहिली होती.

"फोन दे तिला," आई म्हणाली. "तोंड बघायचंय मला तिचं."

"झोपलीय आई ती."

"मग उठली की लाव. मी फोन हातातच घेऊन बसलेय. काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. सकाळी पास्टरना घरी बोलावून प्रार्थना करायला लावली. म्हटलं, देवा, अशी नको नेऊस तिला."

फोन बंद झाला तरी वर्लिन तो कानाला धरून होती.

"आता?" ॲन्सिलने विचारलं.

"मला काय विचारतोस? कल्पना तुझी."

"कल्पना माझी, ताप तुझा. मी नुसती सर्दी म्हणालो होतो."

तिला हसू आलं नाही. तिने टॉवेल झटकला आणि चपला शोधायला लागली.

टॅक्सीने डोंगर ओलांडून दोघं मावशीच्या गावी, कास्तारात पोचली तेव्हा आयोनी मावशी अंगणात उकिडवी बसून एक भलामोठा मासा खवलत होती. तिने मान वर केली. भाचीचे उन्हाने भाजलेले खांदे पाहिले, पिंढऱ्यांना चिकटलेली वाळू पाहिली.

"कधी आलात?"

"परवा," वर्लिन म्हणाली.

"परवा," मावशी म्हणाली आणि पुन्हा सुरी चालवायला लागली.

वर्लिनने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मधे ॲन्सिल "मावशी, चूक माझी आहे" असं म्हणाला, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

"काय झालंय म्हणून सांगितलंत मला?"

"ताप."

"नुसता ताप? सांगायचंच होतं तर जरा मोठं काहीतरी सांगायचं." मग मावशीची सुरी थांबली. "तुझी आई... थेल्मा खरंच झोपली नाही?"

"नाही. म्हणाली, देवा, अशी नको नेऊस."

मावशीने सुरी खाली ठेवली. नळावर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत धुतले. आत जाऊन डोक्याला फडकं बांधलं, तापावर चोळतात ते बे-रम कपाळाला चोळलं आणि गळ्यापर्यंत चादर ओढून पलंगावर आडवी झाली. तापाच्या माणसाच्या खोलीत येतो तो उग्र वास खोलीभर पसरला.

"मावशी, वास काही फोनवरून जात नाही," ॲन्सिल म्हणाला.

"मला हवाय तो. लाव फोन."

पडद्यावर आईचा चेहरा आला.

"म्हातारी झालीस गं," आई म्हणाली.

"तू मोठी कोवळी राहिलीस!"

"आयोनी, ऐक. बोलू नकोस, दमशील. त्या दिवशी तू एवढ्या लांबून केक घेऊन आलीस आणि मी तुला दारातून परत पाठवलं. दार लावलं, आणि खिडकीत उभी राहिले. तू फाटकाशी थांबली होतीस. मी बघत होते तुला. तू वळली असतीस तर मी उघडणार होते दार. पण तू वळली नाहीस, आणि मी..." आईला पुढे बोलता येईना. "हे तुझ्या कानावर घालायच्या आधी तुला काही झालं असतं, तर?"

मावशीने खोकायचं ठरवलं होतं. तिने तोंड उघडलं, पण खोकला आला नाही. तिने चादर तोंडावर ओढून घेतली आणि चादर हलायला लागली.

"बघ, थंडी वाजतेय तिला!" पलीकडून आई ओरडली. "वर्लिन, अजून एक पांघरूण घाल! नुसती बघतेस काय?"

वर्लिन पांघरूण शोधायला वळली. ॲन्सिलने फोन तिच्या हातातून घेतला. मावशीच्या स्वच्छ पुसलेल्या फरशीवर त्याच्या पायांची वाळू सांडली होती. तो त्या वाळूकडेच बघत राहिला.

फोन संपल्यावर वर्लिन पलंगाच्या कडेला बसली.

"मी तिला खरं सांगते, मावशी. आत्ताच सांगते. मला हे सहन होत नाही."

"खबरदार," चादरीतून मावशी म्हणाली. "तुझं मन हलकं होईल. माझी बहीण जाईल."

वर्लिनने सवयीने तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. मावशीने तो हात तिथेच दाबून धरला.

"आहे ना ताप?"

"आहे," वर्लिन म्हणाली.